जे धूमकेतू नव्हते : शार्ल मेसियेच्या यादीविषयी

वाङ्मयाच्या अभ्यासकाला याद्यांविषयी एक स्वाभाविक संशय असतो. कोणते ग्रंथ 'अभिजात' आणि कोणते कवी 'महत्त्वाचे' हे ठरवणारी यादी कुणी केली, कधी केली आणि कशासाठी केली, हे विचारल्याशिवाय ती स्वीकारू नये, असे आम्ही मराठीची मास्तरमंडळी वर्गात सांगत असतो. आकाशनिरीक्षणाच्या छंदातही अशी एक यादी आहे आणि तिचा दबदबा कुठल्याही अभ्यासक्रमाला हेवा वाटावा असा आहे. तीन-चार इंची दुर्बीण विकत घेतलेला हौशी माणूस चंद्रावरची विवरे, गुरूचे चार चंद्र आणि शनीची कडी पाहून झाली की 'आता पुढे काय?' असे विचारतो. जगाच्या पाठीवर कुठेही त्याला एकच उत्तर मिळते : मेसियेची यादी. त्या यादीत एकशे दहा नोंदी आहेत. त्यांत तारकागुच्छ आहेत, तेजोमेघ आहेत, आपल्या आकाशगंगेबाहेरच्या दीर्घिका आहेत. 'एम' हे अक्षर आणि त्यापुढे क्रमांक एवढीच त्यांची ओळख, आणि ते 'एम' म्हणजे शार्ल मेसिये या फ्रेंच निरीक्षकाच्या आडनावाचे आद्याक्षर.

या यादीचे नवल तिच्या हेतूत आहे. धूमकेतू शोधताना ज्या अंधूक डागांमुळे फसगत होते ते एकदा नोंदवून ठेवावेत, म्हणजे पुढच्या माणसाचा वेळ वाया जाणार नाही, असे तिच्या कर्त्यानेच लिहून ठेवले आहे. म्हणजे ही मुळात 'याकडे लक्ष देऊ नका' अशी यादी. आज तीच 'हे अवश्य पाहा' अशी झाली आहे. मार्च महिन्याच्या अखेरीस एका रात्रीत सगळ्या नोंदी पाहून काढण्याची 'मेसिये मॅरेथॉन' जगभर हौसेने होते. ही गोष्ट बहुधा इतिहासाचा विनोद म्हणून सांगितली जाते : बिचाऱ्याला हवे होते धूमकेतू, नाव राहिले कचऱ्यामुळे. विनोद चांगला आहे. पण यादी स्वतः वाचली तर तो अर्धाच खरा आहे असे दिसते. उरलेल्या अर्ध्या भागाविषयी हा लेख आहे.

आधी शब्दांविषयी थोडे. युरोपीय भाषांत या वस्तूंना मिळालेले नाव धुक्यावरून आले. मराठीत 'अभ्र' म्हणजे ढग यावरून 'अभ्रिका' झाली आणि 'तेजोमेघ'ही झाला. 'दीर्घिका' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ लांबट तळे किंवा पुष्करिणी. अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाला हे नाव ज्याने कुणी दिले त्याला काव्यदृष्टी होती यात शंका नाही, कारण लहान दुर्बिणीत देवयानी दीर्घिका खरोखर तशीच दिसते : अंधारात संथ पडलेले, काठ पुसट झालेले पाणी. मेसियेच्या काळात मात्र हे वर्गीकरण नव्हते. त्याच्यापाशी दोनच कप्पे होते. तारे असलेला पुंजका आणि तारे नसलेले धुके.

शार्ल मेसियेचा जन्म लोरेन प्रांतातल्या बादोंव्हिले या गावी २६ जून १७३० रोजी झाला. बारा भावंडांतला तो दहावा. अकरा वर्षांचा असताना वडील गेले. १७५१ साली तो पॅरिसला आला आणि नौदलाचा खगोलज्ञ जोसेफ निकोला देलील याच्याकडे नोकरीला लागला. ही नोकरी मिळाली ती गणितामुळे किंवा शास्त्रज्ञानामुळे नव्हे, तर हस्ताक्षर सुबक होते आणि नकाशे नेटके काढता येत होते म्हणून. कारकुनीच्या दाराने आत आलेला हा माणूस पुढे फ्रेंच विज्ञान अकादमीचा सभासद झाला. आयुष्यभर त्याने कक्षांचे गणित फारसे केले नाही. पाहणे आणि लिहून ठेवणे एवढेच केले. ओतेल द क्लुनी या जुन्या वास्तूच्या बुरुजावर लाकडी वेधशाळा होती. ऐन पॅरिसच्या मध्यावरची ती जागा. तिथून त्याने सुमारे अर्धशतक आकाश पाहिले.

१७५८ साली सगळ्या युरोपचे लक्ष एका धूमकेतूकडे लागले होते. १६८२ साली दिसलेला धूमकेतू पुन्हा येईल असे भाकीत एडमंड हॅलीने करून ठेवले होते. ते खरे ठरले तर न्यूटनच्या सिद्धान्ताला केवढा पुरावा मिळणार होता! देलीलने एक नकाशा आखला आणि मेसियेला त्या पट्ट्यात शोध घ्यायला बसवले. नकाशात चूक होती. मेसिये दीड वर्ष चुकीच्या जागी पाहत राहिला. अखेर २१ जानेवारी १७५९ रोजी त्या पट्ट्याच्या जरा बाहेर नजर टाकल्यावर त्याला धूमकेतू सापडला. पण देलीलने त्याला ते जाहीर करू दिले नाही. १ एप्रिलला परवानगी मिळाली, तोवर ड्रेस्डेनजवळच्या पालिच नावाच्या शेतकऱ्याने तो २५ डिसेंबर १७५८ लाच पाहिल्याचे वृत्त येऊन पोचले होते, आणि पॅरिसमधल्या काहींनी तर मेसियेच्या निरीक्षणावर विश्वासच ठेवला नाही. संशोधनसंस्थांत वरिष्ठांच्या नकाशावर विसंबून वर्षे काढणारे कनिष्ठ आजही असतात. त्यावर अधिक लिहायला नको.

या फसलेल्या शोधातच यादीची पहिली नोंद झाली. २८ ऑगस्ट १७५८ च्या रात्री तो दुसऱ्याच एका धूमकेतूचा माग काढत होता, तेव्हा वृषभाच्या एका शिंगाच्या टोकाजवळ त्याला पांढुरका, लांबट प्रकाश दिसला. मेणबत्तीच्या ज्योतीसारखा. धूमकेतू सरकतो, हा सरकेना. १२ सप्टेंबरला त्याने त्याचे स्थान मोजून ठेवले. हाच एम १, आजचा खेकडा तेजोमेघ. जॉन बेव्हिस या इंग्रज वैद्याने तो १७३१ सालीच पाहिला होता आणि पुढे हे कळल्यावर मेसियेने त्याला श्रेयही दिले. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी ज्या 'पाहुण्या ताऱ्या'ची नोंद केली, जो तेवीस दिवस भर दिवसा दिसत होता, त्या फुटलेल्या ताऱ्याचे हे अवशेष आहेत. त्यांच्या मध्यावर सेकंदाला सुमारे तीस गिरक्या घेणारा स्पंदक आहे, हे १९६८ साली समजले. एवढे थोर चरित्र असलेली ही वस्तू लहान दुर्बिणीत मात्र सपशेल निराशा करते. एक मळकट, लंबगोल डाग. नव्या हौशी मंडळींना ती प्रथम दाखवू नये असे आमचे मत आहे. आधी मृगातला एम ४२ दाखवावा. तो कुणालाच निराश करत नाही : बाणाखाली लोंबणाऱ्या ताऱ्यांच्या मधल्या जागी पंख पसरल्यासारखी हिरवट-करडी आभा आणि तिच्या गाभ्यात एकमेकांना खेटून बसलेले चार ठिणगीएवढे तारे.

पहिली नोंद अपघाताने झाली असली तरी पुढच्या तशा नव्हत्या. १७६४ सालच्या मे महिन्यापासून मेसियेने पद्धतशीर मोहीमच काढली. ३ मे रोजी त्याला एम ३ सापडला. हा गोलाकार तारकागुच्छ त्याच्याआधी कुणीही पाहिलेला नव्हता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत यादी चाळीसपर्यंत गेली. जुन्या ग्रंथांत 'इथे धुके आहे' असे जिथे जिथे म्हटले होते तिथे तिथे जाऊन त्याने खातरजमा केली. यातली चाळिसावी नोंद वाचण्यासारखी आहे. सप्तर्षीत एक तेजोमेघ असल्याचे हेवेलियसने सतराव्या शतकात लिहिले होते. मेसियेला तिथे जवळजवळ असलेले दोन तारे दिसले, धुके दिसले नाही. तरी त्याने ती नोंद वगळली नाही. शोधले काय, सापडले काय, हे लिहून क्रमांक दिला. एम ४० म्हणून आजही यादीत एक साधी ताऱ्यांची जोडी आहे. मॅरेथॉनवाले तिच्यावर नाक मुरडतात. नकारात्मक निष्कर्षही प्रसिद्ध करावा हे आज संशोधनपद्धतीच्या तासाला सांगावे लागते. ते इथे १७६४ साली एका कारकुनाने केलेले आहे.

त्याच उन्हाळ्यात, १ जून रोजी, त्याने शौरी तारकासमूहातला एम १३ नोंदवला. हॅलीला तो १७१४ मध्ये दिसला होता. उत्तर आकाशातला हा सर्वांत आवडता गोलाकार गुच्छ. त्यात लाखो तारे आहेत. मेसिये त्याचे वर्णन गोल, तेजस्वी, मध्यभागी अधिक उजळ असे करतो आणि त्यात एकही तारा नाही असे खात्रीने सांगतो. लाखो ताऱ्यांच्या समूहात एकही तारा नाही! हे वाचून हसू येते. पण हसण्याआधी त्याची साधने पाहावीत. त्याच्या वापरातली मोठी परावर्ती दुर्बीण साडेसात इंची होती, पण तिचे आरसे धातूचे. पडलेल्या प्रकाशाचा मोठा हिस्सा ते गिळून टाकत. नंतर तो साडेतीन इंची अपवर्ती दुर्बिणी वापरू लागला. म्हणजे आज हौशी माणूस पहिली म्हणून जी दुर्बीण घेतो तिच्याच जातीचे साधन. अशा दुर्बिणीतून शहराच्या कडेला उभे राहून एम १३ पाहावा. धुक्याचा एक गोळा दिसतो. शंभरपट वर्धन असलेली नेत्रिका लावली, डोळे अर्धा तास अंधाराला सरावू दिले आणि वस्तूकडे थेट न पाहता जरा बाजूला नजर धरली, तर काठावर रवाळपणा जाणवू लागतो. नेत्रपटलाच्या मध्यभागापेक्षा कडेच्या पेशी मंद प्रकाशाला अधिक संवेदनशील असतात, म्हणून हे तिरपे पाहणे. 'तारे' म्हणावे असे काही दिसलेच तर ते क्षणभर. आपण त्यांना तारे म्हणतो कारण आपण आधी वाचलेले असते.

मराठीत 'पाहणे' आणि 'दिसणे' ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. 'मी पाहतो' यात कर्ता मी आहे. 'मला दिसते' यात कर्तेपण वस्तूकडे गेले आहे, आणि मी चतुर्थीत, म्हणजे घेणाऱ्याच्या जागी आलो आहे. मेसियेची यादी ही प्रायः दुसऱ्या क्रियापदात लिहिलेली आहे. 'तारा नाही' असे म्हणताना त्याच्या वाक्याने डोळ्याची मर्यादा ओलांडली, हे मान्य करावे लागेल. पण मग हे धुके आहे तरी काय, या प्रश्नाला तो हात घालत नाही. इमान्युएल कान्टने १७५५ मध्येच, अशी काही लंबगोल धुकी म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी दूरची विश्वे असावीत, असे लिहिले होते. मेसिये त्या वाटेला गेला नाही. गोल की लांबट, मध्याशी उजळ की सपाट, शेजारी कोणता तारा, कोणत्या रात्री पाहिले : बस्स.

आता त्या विनोदाकडे वळू. फसगत टाळण्यासाठीच यादी असेल तर ४ मार्च १७६९ च्या रात्रीच्या नोंदींचे काय करायचे? त्या रात्री त्याने चार क्रमांक भरले : एम ४२ आणि त्याला लागून असलेला एम ४३, एम ४४ आणि एम ४५. यांतला एम ४४ म्हणजे कर्क राशीतला, आपल्या पुष्य नक्षत्रातला गुच्छ, आणि एम ४५ म्हणजे कृत्तिका. कृत्तिकांना धूमकेतू समजणारा माणूस भूतलावर कधी झाला असेल असे वाटत नाही. नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे सुटे दिसतात. नक्षत्रमालेची सुरुवात एके काळी तिथून होत असे. मग त्या यादीत कशाला? एक तर्क असा की लाकायच्या यादीत बेचाळीस नोंदी होत्या, आणि मेसियेला छापण्यापूर्वी त्यापुढे जायचे होते. हा मानवी मोह अशक्य नाही. तो प्रबंधाची पृष्ठसंख्या वाढवणाऱ्यांनाही परिचित आहे. पण पंचेचाळीस नोंदींची ती यादी अकादमीच्या वृत्तान्तात १७७४ साली छापून आली तेव्हा तिच्यासोबत मृगातल्या तेजोमेघाचे मेसियेने काढलेले तपशीलवार चित्रही होते. टाळायच्या वस्तूचे इतके निगुतीने चित्र कुणी काढत नाही. १७६४ ते १७६९ या काळात कधीतरी या माणसाला धुक्यांची गोडी लागली, असे आम्हांला वाटते. हेतू वहीच्या पहिल्या पानावर तसाच राहिला. हात मात्र वेगळे लिहू लागला.

पंधराव्या लुईने त्याला 'धूमकेतूंचा मुंगूस' अशा अर्थाचे टोपणनाव दिले असे सांगतात. बिळात शिरून सावज बाहेर काढणाऱ्या एका प्राण्याचे नाव. त्याच्या नावावर तेरा धूमकेतू जमा आहेत. १७७२ साली पत्नी आणि नवजात मुलगा काही दिवसांच्या अंतराने वारले, आणि सांत्वनाला आलेल्यांना तो हातचा गेलेल्या धूमकेतूविषयीच बोलला, अशी एक आख्यायिका त्या काळच्या एका समीक्षकाने नोंदवून ठेवली आहे. चरित्रकार ती आवर्जून सांगतात. आपल्या संतकवींच्या चरित्रांत जशा कथा असतात तशीच ही : घडली असेलच असे नाही, पण लोकांना तो माणूस कसा भासत होता हे तीतून कळते.

१७७९ पासून या कामात एक नवा सहकारी आला. पिएर मेशँ. गणितात मेसियेपेक्षा कितीतरी सरस, आणि दृष्टीही तितकीच तीक्ष्ण. मेशँ शोधून कळवायचा आणि मेसिये स्वतः पाहून, स्थान मोजून क्रमांक द्यायचा. याच वर्षी स्वरमंडळातला एम ५७ सापडला. त्या वर्षीच्या धूमकेतूचा मार्ग त्याच्या जवळून गेला म्हणून मेसियेला आणि तूलूझच्या दार्कियेला तो काही दिवसांच्या अंतराने दिसला. दार्कियेला तो विझत चाललेल्या ग्रहासारखा वाटला. लहान दुर्बिणीला हा फार मानवतो. कमी वर्धनात तो चुकून ताराच वाटतो; शंभरच्या आसपास गेले की धुराचे इवलेसे वलय तरंगताना दिसते. मरणाऱ्या ताऱ्याने फेकून दिलेले ते कवच आहे. याच जातीचा, पण आकाराने मोठा आणि उजळ एम २७ हा जंबुक तारकासमूहात आहे. मेसियेने तो १२ जुलै १७६४ ला शोधला. इंग्रजांना त्यात व्यायामाचे डंबेल दिसले. मराठी माणसाला तो डमरू दिसतो, आणि आमच्या मते ही उपमा अधिक नेमकी आहे.

यादीतली सर्वांत समृद्ध रात्र १८ मार्च १७८१ ची. कन्या आणि अरुंधतीकेश यांच्या सीमेवरच्या त्या ताऱ्यांनी विरळ प्रदेशात त्याने एकापाठोपाठ आठ 'तारेविरहित धुकी' नोंदवली, एम ८४ ते एम ९१, आणि त्याच रात्री शौरीतला एम ९२ हा गुच्छही. नोंद संपवताना तो थांबून लिहितो, की कन्येच्या या भागात अशा वस्तूंची दाटी विशेष आहे. त्याला कारण ठाऊक नव्हते आणि त्याने ते दिलेही नाही. सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका विराट दीर्घिकासमूहाची ही पहिली नोंद. साडेतीन इंची दुर्बिणीने, दिवे असलेल्या शहरातून, हे काय आहे याची सुतराम कल्पना नसताना, केवळ दिसले तसे लिहिल्यामुळे ती झाली.

त्या वर्षी १०३ नोंदींची अंतिम यादी छापली गेली, आणि ६ नोव्हेंबरला मेसिये एका बागेत बर्फ साठवण्याच्या खोल तळघरात पडला. हात, मांडी, मनगट, बरगड्या मोडल्या; बरे व्हायला वर्ष लागले. नोव्हेंबर १७८२ मध्ये बुधाचे अधिक्रमण पाहायला तो पुन्हा बुरुजावर चढला. तोवर इंग्लंडात त्याच्या यादीची एक प्रत विल्यम हर्शेलच्या हाती पडली होती. हर्शेलने १७८३ पासून अठरा इंचांहून मोठ्या आरशाने आकाश झाडून काढायला घेतले आणि तीन याद्यांत अडीच हजार वस्तू नोंदवल्या. मेसियेने यावर पुढे जे लिहिले ते त्याच्या स्वभावाला धरून आहे : आपला हेतू वेगळा होता, लहान दुर्बिणीत जे दिसते तेवढेच धूमकेतू शोधणाऱ्याला हवे. यात थोडी खंत आणि बराच ताठा आहे.

विल्यमला लहान दुर्बिणीच्या सामर्थ्याची आठवण करून दिली ती त्याच्याच घरातल्या एका व्यक्तीने. बहीण कॅरोलिन त्याची लेखनिक म्हणून काम करी. त्याने तिला एक छोटी दुर्बीण करून दिली. २६ फेब्रुवारी १७८३ ला तिने बृहल्लुब्धकातला एक नवा तारकागुच्छ शोधला, जो मेसियेच्या यादीत नव्हता. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला शिल्पकार तारकासमूहातली मोठी दीर्घिका तिला सापडली. पुढे आठ धूमकेतू तिच्या नावावर जमा झाले आणि १७८७ पासून राजाकडून वर्षाला पन्नास पौंडांचे वेतन मिळू लागले. यादी करणाऱ्या पुरुषांच्या इतिहासात तिचे नाव तळटीपेत जाते.

इकडे क्रांतीने मेसियेचे वेतन बुडवले. दिव्याच्या तेलासाठी त्याला लालांदकडे हात पसरावा लागला. त्याच्या धूमकेतूंच्या कक्षा मोजून देणारा मित्र बोशार द सारों तुरुंगात होता. सप्टेंबर १७९३ मध्ये मेसियेला सापडलेल्या धूमकेतूची कक्षा सारोंने कोठडीत बसून काढली. मेसियेने सांगितल्या जागी पाहिले, धूमकेतू तिथेच होता, आणि हे वर्तमान कैद्यापर्यंत चोरून पोचवले गेले. २० एप्रिल १७९४ ला सारोंचा शिरच्छेद झाला.

आता धुक्यांच्या अर्थाकडे. मेसियेच्या मौनाची किंमत कळायला पुढचा इतिहास पाहावा लागतो. हर्शेलच्या मोठ्या आरशाने एम १३ सारख्या धुक्यांतून तारे काढून दाखवले, तेव्हा सगळीच धुकी म्हणजे न सुटलेले तारे, अशी त्याची खात्री झाली. १७९० मध्ये एका ताऱ्याभोवती खरेखुरे धुके पाहून त्याला ती मागे घ्यावी लागली. १८४५ मध्ये आयर्लंडात लॉर्ड रॉसने बहात्तर इंची आरशातून एम ५१ ची चक्राकार रचना पाहिली. हा थोर शोध होता. पण त्याच दुर्बिणीतून मृगातल्या तेजोमेघाचेही तारे सुटले, असेही जाहीर झाले, आणि ते चुकीचे होते. १८६४ मध्ये विल्यम हगिन्सने कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला आणि तो तापलेल्या वायूचा ठरला. मृगाच्या तेजोमेघाचेही तेच निघाले. मग सगळे सर्पिल तेजोमेघही जवळचे वायूच, असे मानणाऱ्यांचा पक्ष बळावला. तो ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबलला देवयानीतल्या एम ३१ मध्ये रूपविकारी तारा सापडेपर्यंत टिकून होता. प्रत्येक टप्प्यावर मोठ्या साधनाने मोठे सत्य सांगितले आणि त्याला जोडून एक मोठी चूकही सांगितली. मेसियेच्या नोंदीत दुरुस्त करण्यासारखे फार थोडे निघाले, कारण तो फार थोडे बोलला होता. एम ५१ लहान दुर्बिणीतून आजही त्याला दिसला तसाच दिसतो : शेजारी शेजारी दोन फिके डाग. चक्र छायाचित्रात आहे. छायाचित्रे पाहून दुर्बिणीकडे येणाऱ्याला हे आधी सांगितले पाहिजे, नाहीतर तो दुसऱ्या दिवशी दुर्बीण विकायला काढतो.

या यादीला एक भौगोलिक मर्यादाही आहे. तिच्यातली सर्वांत दक्षिणेकडची वस्तू एम ७, वृश्चिकाच्या नांगीजवळचा गुच्छ. पॅरिसमध्ये तो क्षितिजावर जेमतेम सहा अंश चढतो. पुण्यात तो छत्तीस अंशांहून वर येतो. मेसियेला जे कधीच दिसणार नव्हते त्यातले पुष्कळ आपल्या दख्खनच्या आकाशात आहे. ते नोंदवले वर उल्लेखिलेल्या निकोला लुई द लाकायने. १७५१-५२ मध्ये केप ऑफ गुड होपला मुक्काम करून, अर्ध्या इंचाच्या भिंगाच्या आणि आठपट वर्धनाच्या नळीने! आजची साधी द्विनेत्रीही त्याहून सरस असते. त्याच्या बेचाळीस नोंदींत नरतुरंगातला 'ओमेगा' हा गोलाकार गुच्छ आहे. तो एम १३ हून मोठा आणि उजळ. एप्रिल-मेच्या रात्री महाराष्ट्रातून दक्षिणेला चोवीस अंश उंचीवर दिसतो, आणि गाव सोडून गेले तर नुसत्या डोळ्यांनाही अंधूक ताऱ्यासारखा जाणवतो. पॅरिसच्या यादीवर विसंबून राहणारा मराठी निरीक्षक त्याला मुकतो. अभ्यासक्रम आयात केल्याचे तोटे आकाशातही आहेत.

आणखी एक नाव भारताशी जोडलेले आहे. देवयानी दीर्घिकेच्या शेजारची छोटी दीर्घिका, एम ३२, प्रथम पाहिली ती गियोम ल जाँती याने, १७४९ मध्ये. शुक्राचे अधिक्रमण पाहायला तो १७६० मध्ये पाँडिचेरीला निघाला. ते ठाणे इंग्रजांनी घेतल्यामुळे १७६१ चे अधिक्रमण त्याला हेलकावणाऱ्या जहाजावरून पाहावे लागले, जे निरुपयोगी होते. पुढच्या अधिक्रमणासाठी तो आठ वर्षे पूर्वेकडेच राहिला. पाँडिचेरीत वेधशाळा उभारली, तमिळ ज्योतिष्यांकडून ग्रहणगणिताची रीत शिकला. ४ जून १७६९ ला नेमक्या वेळी ढग आले. तो १७७१ मध्ये घरी पोचला तेव्हा वारस त्याची मालमत्ता वाटून घेण्याच्या तयारीत होते. त्याच सुमारास मेसिये आपली पहिली यादी छापायला देत होता, आणि तीत एम ३२ पुढे ल जाँतीचे नाव होते.

मेसिये १८१७ च्या एप्रिलमध्ये वारला. यादी त्याच्यानंतरही हलत राहिली. एम ४७, ४८ आणि ९१ या नोंदींत स्थानांच्या चुका होत्या. एम ९१ चा उलगडा १९६९ मध्ये टेक्सासमधल्या एका हौशी निरीक्षकाने केला : मेसियेने मोजमाप एम ८९ पासून केले असे लिहिले होते, प्रत्यक्षात ते एम ५८ पासून होते. एम १०२ म्हणजे एम १०१ चीच दुबार नोंद, असे मेशँने १७८३ मध्ये पत्राने कळवले. तरी काहीजण त्या क्रमांकाला दुसरीच दीर्घिका देतात आणि हा वाद मिटलेला नाही. मेसियेच्या स्वतःच्या प्रतीत समासात हाताने लिहिलेली एक नोंद कामीय फ्लामारिओंला मिळाली आणि १९२१ मध्ये एम १०४ यादीत आला. त्यानंतर हेलन सॉयर हॉग आणि ओवेन गिंगरिच यांनी मेशँच्या पत्रातल्या व टिपणांतल्या वस्तू शोधून भर घातली. शेवटचा क्रमांक ११०. देवयानीची ही दुसरी सोबतीण मेसियेने १७७३ मध्ये पाहिली होती आणि पुढे आपल्या चित्रात काढलीही होती. पण तिला क्रमांक दिला नाही. का दिला नाही, हे त्याने कुठे लिहिलेले नाही. कॅरोलिन हर्शेलला ती १७८३ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्रपणे दिसली. क्रमांक मिळाला तो १९६० च्या दशकात. नोव्हेंबरच्या अमावास्येला, दिव्यांपासून दूर, कमी वर्धनाची नेत्रिका लावून एम ३१ मध्यावर आणला, की एका बाजूला एम ३२ लगेच दिसतो, ठळक आणि गोल. दुसऱ्या बाजूला, जरा अधिक अंतरावर, काहीच नाही असे वाटते. तिथे नजर तिरपी धरून थोडा वेळ थांबायचे.